लहरींच्या वाटेची खुशाली
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे टिपण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात व्याख्यान देण्याचे निमंत्रण देताना कार्यकारिणीने आम्हांला दोन अटी घातल्या. विषय आजच्या विज्ञानाचा असावा, ही पहिली. तो घरातल्या आजोबांना आणि नातवंडांना एकाच वेळी समजेल अशा मराठीत मांडावा, ही दुसरी. पहिली अट सोपी होती. दुसरीने मात्र आम्हांला बराच विचार करावयास लावले. आपल्यापैकी कित्येकांची मुले आज बंगळूर, पुणे, हैदराबाद किंवा परदेशांत दूरसंचाराच्या यंत्रणांवर काम करतात. 'तू करतोस तरी काय?' असे घरी विचारले, की त्यांना मराठीत उत्तर सुचत नाही. आणि 'तुम्हांला नाही कळायचे' असे म्हणून ती विषय टाळतात. तसे एक उत्तर आज आपण मिळून तयार करावे, असा आमचा हेतू आहे.

विषय असा : आपल्या हातातील मोबाइल हा बोलणे किंवा माहितीची देवाणघेवाण सुरू असताना टॉवरला वारंवार एक गोष्ट कळवीत असतो. आपल्या दोघांमधील लहरींची वाट या क्षणी कशी आहे, ही ती गोष्ट. हा अहवाल तयार करण्यासाठी त्याला पुष्कळ आकडेमोड करावी लागते आणि ती करण्याची त्याची कुवत मर्यादित असते. मागण्या अनेक, कुवत थोडी, आणि वेळ तर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा. अशा स्थितीत कोणता अहवाल ताजा करावयाचा आणि कोणता जुनाच पाठवावयाचा, हे ठरते कसे?

प्रश्न तांत्रिक दिसतो. पण घरापासून दूर राहणाऱ्या माणसांना तो अनोळखी वाटू नये. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडात आला, तेव्हापासून मराठी कुटुंबे या मुलखात येत राहिली. पुढे १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातून चाले. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली, तेव्हा आणखी काही घरे आली. यांतील प्रत्येक घराने एक व्यवहार नेमाने केला : खुशाली कळविणे आणि खुशाली मागविणे. प्रथम पत्रे, मग तारा, मग ट्रंक कॉल. मोबाइल आणि टॉवर यांच्यामध्ये चालतो तो हाच व्यवहार होय.

आता मुळापासून पाहू. टॉवरवरून निघालेली लहर सरळ आपल्यापर्यंत येत नाही. ती समोरच्या इमारतीवर आपटते, पाण्याच्या टाकीवरून परावर्तित होते, झाडांतून गाळून येते. अशा अनेक वाटांनी आलेल्या लहरी मोबाइलपाशी एकमेकींत मिसळतात. काही ठिकाणी त्या एकमेकींना बळ देतात, तर काही ठिकाणी एकमेकींना मारतात. आपल्या देशात पाचव्या पिढीची सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिच्यासाठी वापरात असलेल्या लहरींपैकी एक प्रमुख पट्टा साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासचा आहे. या लहरींची लांबी सुमारे साडेआठ सेंटिमीटर भरते. म्हणजे मोबाइल चार-सव्वाचार सेंटिमीटर सरकला, की लहरींच्या मिसळण्याचे चित्र ओळखू न येण्याइतके बदलू शकते. रायपूरहून दुर्गकडे ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत हे अंतर कापावयास सुमारे २ मिलिसेकंद पुरतात. तळ्याकाठी फेरी मारणाऱ्या माणसाला तेवढ्यासाठी सुमारे ३० मिलिसेकंद लागतात.

वाट अशी क्षणोक्षणी बदलत असेल, तर टॉवरने माहिती कोणत्या वेगाने पाठवावी? वाट चांगली असता सावकाश पाठविली, तर सामर्थ्य फुकट जाते. वाट वाईट असता घाईने पाठविली, तर माहिती फुटते, पुन्हा पाठवावी लागते, आणि पडद्यावरचा आजीचा चेहरा अर्ध्या हास्यात गोठतो. म्हणून टॉवर ठरावीक ओळखीचे संकेत सोडतो. ते कसे निघाले हे मोबाइलला आधीच ठाऊक असते. ते कसे पोहोचले हे तो मोजतो, आणि या दोहोंतील फरकावरून वाटेचे स्वरूप ताडतो.

या विद्येच्या पायाभरणीत पुण्याचे नाव आहे, हे आपल्याला ऐकून बरे वाटेल. थॉमस कैलथ यांचा जन्म १९३५ मध्ये पुण्यात झाला. कुटुंब केरळातून येऊन तेथे स्थायिक झालेले. म्हणजे तेही आपल्यासारखेच, घरापासून दूर वसलेले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ मध्ये दूरसंचाराची पदवी घेऊन ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे गेले. तेथे त्यांनी जो प्रश्न हाती घेतला तो असा : जी वाट स्वतःच बदलत आहे, ती मोजता येते काय? त्यांनी दाखविले, की याला एक मर्यादा आहे. प्रतिध्वनी किती काळ रेंगाळतात, हा एक आकडा. आणि वाट सेकंदाला किती भरभर पालटते, हा दुसरा. दोहोंचा गुणाकार एकाहून कमी असेल, तर वाट निःसंदिग्धपणे मोजता येते. तो त्यापलीकडे गेला, तर मोजता मोजताच वाट निसटते.

पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात कैलथ यांच्याबरोबर काम करणारे आरोग्यस्वामी पॉलराज हे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून नौदलात गेलेले अधिकारी. अनेक अँटेनांच्या साहाय्याने एकाच पट्ट्यातून एकाच वेळी माहितीचे अनेक प्रवाह नेण्याची कल्पना त्यांनी मांडली. तिच्या पेटंटासाठी या दोघांनी १९९२ मध्ये अर्ज केला व १९९४ मध्ये ते मिळाले. आजचा प्रत्येक चांगला मोबाइल या कल्पनेवर चालतो.

मात्र या कल्पनेबरोबर हिशेबाचा डोंगरही आला. एक अँटेना इकडे आणि एक तिकडे असेल, तर वाट एकच. पाचव्या पिढीत टॉवर ३२ द्वारांतून संकेत सोडू शकतो. मोबाइलपाशी ४ अँटेना असल्या तर वाटा झाल्या १२८. आणि पट्ट्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी त्या निरनिराळ्या. इतके मोजून झाल्यावर मोबाइलने ठरवावयाचे असते, की किती प्रवाह एकदम झेपतील, ते कोणत्या दिशेने सोडावेत, आणि वाटेची प्रत ० ते १५ या मोजपट्टीवर कितवी. त्यासाठी अनेक शक्यता तपासून पाहाव्या लागतात. गावातल्या प्रतिध्वनींचे रेंगाळणे मायक्रोसेकंदांत मोजण्याइतके अल्प असल्यामुळे कैलथ यांची मर्यादा येथे बहुधा आड येत नाही. निसर्ग मोजू देतो. अडचण असते ती मोजणाऱ्याच्या कुवतीची. चिप लहान, बॅटरी मर्यादित, आणि अहवाल मागणारे अनेक : एकाच टॉवरचे वेगवेगळे पट्टे, वेगवेगळे झोत, वेगवेगळ्या मुदती.

ही कुवत वाटून देण्याचे नियम जागतिक मानकांत लिहिलेले आहेत. पाचव्या पिढीच्या मानकांची पहिली आवृत्ती २०१८ मध्ये पूर्ण झाली, आणि ही व्यवस्था तेव्हापासून तिच्यात आहे. ती समजावून घेताना ज्येष्ठांनी जुने ट्रंक एक्स्चेंज डोळ्यांपुढे आणावे. तेथे बाहेरगावच्या लाइनी मोजक्या असत. एक कॉल जोडला, की तो संपेपर्यंत ती लाइन अडकून राही. आणि कॉल तीन प्रकारचे : ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइन मोकळी झाली, की आधी कोणाला द्यावयाची हे या प्रकारांवरून ठरे. ऑपरेटरच्या मर्जीवर ते सोडलेले नसे.

मोबाइलमध्येही असेच आहे. मानकाने त्याची आकडेमोडीची कुवत काही घटकांत मोजली आहे. आपण त्यांना हिशेबघटक म्हणू. नेटवर्कमध्ये नाव नोंदविताना मोबाइल आपली कुवत सांगतो : 'मजजवळ एवढे घटक आहेत, एका वेळी एवढेच हिशेब मी करू शकेन.' एका पट्ट्यापुरता हा आकडा १ ते ८ असू शकतो, आणि सर्व पट्टे मिळून ५ ते ३२. महागड्या यंत्राचा आकडा मोठा, स्वस्त यंत्राचा लहान. पण लहान आकडा सांगणाऱ्याला कोणी दाराबाहेर ठेवीत नाही. त्याच्याकडून किती अपेक्षा करावयाची, एवढेच टॉवरला समजते.

दुसरा नियम कामाच्या वजनाचा. नुसते झोताचे बळ मोजावयाचे असेल तर एक घटक पुरतो. वाटेची सविस्तर पाहणी हवी असेल, तर जितक्या संकेतसाधनांवर ती करावयाची तितके घटक लागतात. आणि काम हाती घेतल्यापासून अहवाल पाठवून होईपर्यंत ते घटक अडकून राहतात. हा काळ अगदी बारकाईने मोजलेला असतो. आपल्याकडील पट्ट्यात अर्ध्या मिलिसेकंदाचे १४ भाग पाडलेले असतात, आणि घटक कोणत्या भागापासून कोणत्या भागापर्यंत गुंतला याची व्याख्या मानकात दिलेली आहे. मागणी करून घेतलेल्या अहवालासाठी घटक गुंततो तो मागणीचा निरोप येऊन संपताच. ठरल्या मुदतीने जाणाऱ्या अहवालासाठी तो गुंततो ज्या संकेतावरून मोजणी करावयाची तो येऊ लागला म्हणजे. दोहोंचा शेवट एकच, अहवालाचा अखेरचा भाग रवाना होणे.

तिसरा नियम अग्रक्रमाचा. टॉवरने मुद्दाम विचारून मागविलेला अहवाल सर्वांत आधी. त्यानंतर 'मी थांब म्हणेपर्यंत पाठवीत राहा' असे सांगून काही काळापुरते सुरू केलेले अहवाल. सर्वांच्या शेवटी, ठरल्या मुदतीने आपोआप जाणारे नेहमीचे अहवाल. एकाच वर्गातील दोन अहवाल समोरासमोर आले, तर झोताचे बळ सांगणारा आधी. तेथेही बरोबरी झाली, तर पट्ट्याचा अनुक्रमांक, आणि त्यानंतर अहवालाचा अनुक्रमांक पाहावयाचा. म्हणजे बरोबरी शिल्लक राहतच नाही.

एक उदाहरण घेऊ. मोबाइलने आपले ४ घटक सांगितले आहेत आणि त्यांतील १ आधीच्या कामात गुंतला आहे. मोकळे राहिले ३. नेमक्या त्याच क्षणी तीन नवी कामे सुरू होतात : टॉवरने मागितलेली सविस्तर पाहणी, वजन २, मुदतीचा झोताच्या बळाचा अहवाल, वजन १, आणि मुदतीचा वाटेच्या प्रतीचा अहवाल, वजन १. बेरीज होते ४. अग्रक्रमाने चालू लागलो तर पहिल्याला २ दिले, दुसऱ्याला १ दिला, घटक संपले. तिसऱ्याचे काय?

येथे ट्रंक कॉलची उपमा संपते. तिथला कॉल ताटकळत राही. इथे तिसरा अहवाल थांबत नाही आणि त्याची जागा रिकामीही राहत नाही. तो आपल्या ठरल्या वेळी जातोच. फक्त त्यातला मजकूर नवा करण्याचे बंधन मोबाइलवर उरत नाही. मागच्या खेपेचा आकडाच तो पुन्हा पाठवू शकतो. पाकीट वेळेवर पोहोचते, आतले पत्र मात्र जुने असू शकते.

ही फसवणूक नव्हे काय, असे कोणी विचारील. नव्हे, आणि व्यवस्थेचे खरे मर्म आमच्या मते इथेच आहे. मोबाइलचे घटक किती हे टॉवरला ठाऊक आहे. कोणते काम केव्हा लावले आणि त्याचे वजन किती हेही त्यालाच ठाऊक आहे, कारण ते लावणारा तोच. अग्रक्रमाचा नियम दोघांपाशी एकच आहे. त्यामुळे आपण आता केला तोच हिशेब टॉवरही करू शकतो आणि ओळखू शकतो, की या खेपेचा तिसरा अहवाल शिळा असण्याचा संभव आहे. पाकिटावर 'जुने पत्र' असा शिक्का नसतो. तरी ज्याला पाठविणाऱ्याची परिस्थिती माहीत आहे त्याला तो वाचता येतो. मोबाइलने मात्र आपली कुवत फुगवून सांगितली असती, तर टॉवरने शिळ्याला ताजे मानले असते आणि सारा व्यवहार बिघडला असता. ती फार कमी सांगितली, तर टॉवर फारसे विचारीतच नाही आणि चांगली वाट वापराविना पडून राहते. कुवत आहे तेवढीच सांगण्यात दोघांचेही हित असते.

आणखी दोन बारकावे सांगावयाचे राहिले. पहिला वेळेचा. मागणी आणि उत्तर यांच्यामध्ये किमान किती अवधी हवा, हेही मानकात ठरलेले आहे. त्याहून घाईने उत्तर मागितले, तर नवा हिशेब करण्यास मोबाइल बांधलेला नाही. विचारणाऱ्यालाही मर्यादा आहे, हे त्यातून सांगितले आहे. दुसरा बारकावा अडचणीच्या प्रसंगाचा. सर्व घटक मोकळे असताना टॉवरने एखादा सोपा, थोडक्यातला अहवाल तातडीने मागितला, तर त्या एकाच कामासाठी मोबाइलचे सर्व घटक गुंतले असे धरण्याची सोय आहे. घरात एकाच्या आजारपणी सर्वांनी हातची कामे ठेवून धावावे, त्यातलाच हा प्रकार. तेवढा वेळ इतर अहवाल मागे पडतात, आणि ते मागे पडणार हे दोन्ही बाजू जाणून असतात.

बंधुभगिनींनो, हे सर्व अभियंत्यांनी यंत्रांसाठी लिहिले. आम्हांला त्यात आपल्या घरांचे प्रतिबिंब दिसते, ते एवढ्यासाठी, की आपलाही बहुतेक कारभार ठरल्या मुदतीच्या अहवालांवर चालतो. दर रविवारी सकाळी गावी फोन होतो. 'कसे आहात?' 'सगळे ठीक.' 'तुमचे?' 'इकडेही ठीक.' पाकीट वेळेवर पोहोचले. आतले पत्र ताजे होते काय? वऱ्हाडातल्या एखाद्या घरी ऐंशी वर्षांची आई गुडघ्यांनी जिना उतरू शकत नाही, हे त्या 'ठीक'मध्ये असते काय? बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलाला रात्र रात्र झोप लागत नाही, हे त्याच्या 'ठीक'मध्ये असते काय? ती माणसे खोटे बोलत नाहीत. त्यांची शक्ती त्या दिवशी दुसऱ्या कामांत गुंतलेली असते. आणि जे नेहमीचे म्हणून सांगावयाचे, त्यासाठी नवा शोध घेण्याचे त्राण उरत नाही. मागच्या रविवारचाच आकडा पुन्हा येतो.

मानकाने नेहमीच्या अहवालाला अग्रक्रमात शेवटची जागा दिली, आणि मुद्दाम विचारलेल्याला पहिली. आम्हांला हे फार शहाणपणाचे वाटते. ओघाने आलेली खुशाली सर्वांत आधी शिळी होते. विचारून घेतलेली सर्वांत आधी ताजी होते. म्हणून रविवारचा फोन अवश्य करावा, पण मधल्या एखाद्या बुधवारी नेमका प्रश्न विचारावा : 'डॉक्टर काय म्हणाले?' 'रात्री जेवलास काय?' 'पावसात छप्पर गळते काय?' आणि उत्तराला पुरेसा अवधी द्यावा. ज्या प्रश्नाचे उत्तर तत्काळ मागितले जाते, त्याला 'ठीक'शिवाय दुसरे उत्तर मिळत नाही.

तशीच गोष्ट कुवत सांगण्याची. दूर राहणाऱ्या माणसाला आपली मर्यादा सांगण्याचा संकोच वाटतो. आई-वडिलांना वाटते, मुलांना काळजी नको. मुलांना वाटते, म्हाताऱ्यांना त्रास नको. दोघेही आपापले घटक फुगवून सांगतात. मग कोणाच्या शब्दावर किती विसंबावे हे कोणालाच कळत नाही. 'मला आता एवढेच झेपते' हे एकदा मोकळेपणाने सांगून टाकले, तर पुढच्या मौनाचाही अर्थ समोरच्याला लावता येतो. मंडळालाही हे लागू आहे. कार्यकर्ते मोजके, उपक्रम अनेक. गणेशोत्सव, हळदीकुंकू, नाट्यस्पर्धा, वाचनालय हे सर्व एकाच ताकदीने चालविण्याचा आग्रह धरला, तर काहींचे फक्त पाकीट तेवढे वेळेवर जाईल. कोणती कामे खरोखर ताजी ठेवावयाची, हे आपण मिळून आधी ठरवावे; आणि ज्येष्ठ सभासदांच्या घरी जाऊन मुद्दाम केलेली विचारपूस त्यांत सर्वांच्या वर असावी, अशी आमची नम्र सूचना आहे.

आपल्या मुलांना आज घरी गेल्यावर विचारा, की मोबाइलचे हिशेबघटक किती असतात आणि ते संपले म्हणजे काय होते. या क्षेत्रातली मुले असतील, तर ती चकित होऊन मराठीत सांगू लागतील. नसतील, तर आपण त्यांना सांगा. दोन्ही परींनी एक नवा अहवाल तयार होईल, आणि तो विचारून घेतलेला असेल.